गॅलरीतली बाग: आधी ऊन मोजा, मग रोप आणा

रोपवाटिकेत फुलांनी लगडलेला मोगरा दिसतो, लिंबू लागलेलं हातभर झाड दिसतं आणि ते घरी येतं. महिन्याभरात कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात. मग पाणी वाढवलं जातं, खत घातलं जातं आणि झाड आणखी लवकर जातं. बहुतेक वेळा दोष झाडात नसतो, हातातही नसतो. निवड रोपवाटिकेत झालेली असते. ती घरच्या गॅलरीत, ऊन बघून व्हायला हवी होती. म्हणून या लेखात रोपवाटिका बरीच उशिरा येते. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिककडच्या फ्लॅटमधली चार ते आठ फुटांची गॅलरी गृहीत धरली आहे. गच्ची असेल तर ऊन आणि वारा दोन्ही जास्त मिळतात, एवढा फरक लक्षात ठेवावा.

उन्हाचा हिशेब

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते संध्याकाळी 6 पर्यंत दर तासाला गॅलरीचा फोटो काढा. जमिनीवर, कठड्याजवळ आणि भिंतीलगत थेट ऊन किती तास पडतं ते लिहून ठेवा. कठड्याजवळ पाच तास आणि आतल्या भिंतीशी एकच तास, असा फरक चार फुटांच्या गॅलरीतही सापडतो. ‘उजेड भरपूर आहे’ हे उत्तर फुलझाडांना आणि फळभाज्यांना चालत नाही. त्यांना पानावर पडणारं ऊन लागतं.

दिशेबाबत बऱ्याच जणांची गफलत होते. दक्षिणेच्या गॅलरीत बारा महिने ऊन असतं असं धरून चालतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. अशा वेळी वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या गॅलरीवर सावली धरतो. हिवाळ्यात सहा तास ऊन असलेल्या दक्षिण गॅलरीत उन्हाळ्यात जेमतेम तास-दीड तास मिळतं ते यामुळेच. मोगऱ्याचा बहर नेमका तेव्हाच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत मोगरा अगदी कठड्याशी ठेवावा लागतो.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोयीची, कारण सकाळचं ऊन भाजत नाही. पश्चिमेला ऊन भरपूर मिळतं, पण मार्च ते मे दुपारी 2 ते 5 या वेळात पानांच्या कडा करपतात आणि कुंडीची बाजू हाताला चटका बसेल इतकी तापते. तिथे उन्हाळ्यापुरती 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी. उत्तरेच्या गॅलरीत थेट ऊन मे ते जुलैपुरतं, तेही सकाळ-संध्याकाळचं तिरपं, आणि जूनपासून ढगच असतात. तिथे पानांच्या शोभेची झाडं लावा. फुलांचा हट्ट तिथे धरू नये.

आता निवड. रोज पाच तास किंवा जास्त ऊन असेल तर मोगरा, जास्वंद, गुलाब, लिंबू, मिरची, टोमॅटो, वांगी, भेंडी यांतलं काहीही. तीन-चार तास असतील तर कढीपत्ता, तुळस, पुदिना, गवती चहा, अळू, पालक, मेथी, कोथिंबीर. कढीपत्त्याला खरं तर जास्त ऊन आवडतं, पण एवढ्यावरही तो तग धरतो, फक्त सावकाश वाढतो. तासभर ऊन किंवा नुसता उजेड असेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा, स्पायडर प्लांट, पीस लिली, नेचे. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा, पीस लिली आणि डिफेनबॅकिया हाताला लागणार नाहीत असे उंच टांगा. त्यांच्या पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांनी तोंड आणि घसा सुजतो. कण्हेर तर अशा घरात नकोच, तिचे सगळेच भाग विषारी असतात.

कुंडी

माप हे सौंदर्याचं नव्हे, मुळांचं. कोथिंबीर, मेथी, पालक यांना 6 ते 8 इंच खोल, पण रुंद ट्रे पुरतो. तुळशीला 10 इंची कुंडी. मिरचीला 10 ते 12, मोगरा-जास्वंदीला 12, टोमॅटो-वांग्याला 14, लिंबाला सुरुवातीला 14 आणि दोन-तीन वर्षांनी 18 इंच. चार इंची पिशवीतलं रोप थेट 16 इंची कुंडीत लावू नये. मुळं पोहोचलेली नसतात तिथली माती पाणी धरून बसते, आंबते आणि कुजकी मुळं मिळतात. एका वेळी दोन ते चार इंचांनीच माप वाढवावं.

मातीची कुंडी बाजूंनी पाणी सोडते, म्हणून मुळांना हवा मिळते, पण उन्हाळ्यात ती लवकर सुकते. प्लॅस्टिकची हलकी असते आणि ओल धरते. ज्यांच्या हातून पाणी जास्त घातलं जातं त्यांनी मातीची घ्यावी. ज्यांचं पाणी राहून जातं त्यांनी प्लॅस्टिकची किंवा ग्रो बॅग. 12 इंची कुंडीला पेन्सिल जाईल एवढी चार-पाच भोकं हवीत. विकतच्या प्लॅस्टिक कुंड्यांची भोकं नुसती खुणेपुरती असतात. ती तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने मोकळी करून घ्यावीत.

तळाशी दगड-खडीचा थर देण्याची पद्धत सोडून द्यावी. बारीक मातीतून पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. थराच्या वरच ते अडून राहतं आणि ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

वजनाचाही विचार करा. निव्वळ मातीने भरलेली 12 इंची कुंडी पाणी घातल्यावर 25 किलोच्या घरात जाते. खाली दिलेल्या मिश्रणाने ती 15 ते 18 किलोंवर येते. कुंड्या गॅलरीच्या भिंतीलगत, खाली विटा ठेवून मांडाव्यात. कठड्यावर मोकळी कुंडी कधीही ठेवू नये. वळवाच्या पावसाआधीचा वारा 8 इंची कुंडीसुद्धा खाली पाडतो आणि खाली माणसं चालत असतात.

माती

शेतातली काळी माती कुंडीत चालत नाही. ओली असताना चिकट गोळा होते, सुकली की भेगा पडतात आणि घातलेलं पाणी भेगांतून थेट खाली निघून जातं. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगाही नको. त्यात अन्न जवळजवळ नसतं आणि वरून कोरडं दिसत असताना आत ओल असते.

चांगलं चालणारं प्रमाण असं: चार डबे लाल माती, तीन डबे गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन डबे भिजवलेलं कोकोपीट, एक डबा भाताचं तूस किंवा जाड वाळू. शिवाय 12 इंची कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. स्नेक प्लांट, अडेनियम, कोरफड यांना वाळू-तूस तिप्पट करा आणि कोकोपीट वगळा.

650 ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजवल्यावर 8-9 लिटर होते. ती वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुवून पिळून घ्या. नारळाच्या काथ्यात क्षार असतात, आणि न धुता वापरलं की कोवळ्या रोपांच्या पानांची टोकं जळतात. शेणखत कुजलंय का हे वासावरून कळतं. पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला तर ठीक, शेणाचा आला तर अजून महिना-दोन महिने थांबा. कच्चं खत कुंडीत तापतं.

मिश्रण झालं की एक मूठ ओली माती घट्ट दाबा. लाडू बांधला गेला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर माती जमली. फुटलाच नाही तर वाळू-तूस वाढवा. लाडू बांधलाच जात नसेल तर गांडूळखत वाढवा. कुंडी भरताना काठापासून दीड इंच रिकामा सोडा, नाहीतर पाणी मुरण्याआधीच माती घेऊन बाहेर वाहतं.

रोप आणताना

फुलांनी भरलेलं रोप घेऊ नका. त्याची ताकद फुलांत गेलेली असते आणि जागा बदलली की ते कळ्या टाकतं. बुटकं, दोन-तीन फांद्यांचं, शेंड्याला कोवळी फूट असलेलं रोप घ्या. पानं उलटून बघा. खालच्या बाजूला पांढरा कापूस, बारीक जाळं किंवा उडणारे पांढरे कण दिसले तर ते रोप स्वस्तात मिळत असलं तरी नको. पिशवी उचलून तळ बघा. एक-दोन पांढरी मुळं डोकावत असतील तर चांगलं, मुळांचा जाडजूड गुंता असेल तर रोप पिशवीत अडकून राहिलेलं आहे. गुलाब, लिंबू, आंबा यांच्यावर कलमाचा जोड दाखवून घ्या. जोडाच्या खालून येणारी फूट ही खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याची असते. ती दिसताच खुडायची, नाहीतर वरचं कलम मरतं आणि फक्त काटेरी खुंट वाढत राहतो.

फुलझाडांच्या जाती नावानिशी बघायच्या असतील तर पुण्यात एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन चुकवू नये.

घरी आणलेलं रोप त्याच दिवशी कुंडीत लावायची घाई नको. आठ दिवस सावलीच्या कोपऱ्यात, बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात ती दिसते. मग संध्याकाळी लावा. पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमकडून घट्ट चिकण मातीच्या गोळ्यात येतात. हा गोळा तसाच कुंडीत ठेवला तर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात. म्हणून गोळा अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवा, बाहेरचा अर्धा-पाऊण इंच थर बोटांनी हलकेच मोकळा करा आणि मगच लावा. पिशवीत खोड जेवढं मातीत होतं तेवढंच कुंडीतही ठेवा. टोमॅटोचं रोप मात्र खालची पानं काढून निम्मं खोल लावता येतं, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात. लावल्यावर तळातून पाणी येईपर्यंत घाला आणि पाच-सहा दिवस थेट उन्हापासून दूर ठेवा.

पाणी आणि वाफसा

कुंडीतली झाडं तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती अवस्था कुंडीतही हवी. वाफसा म्हणजे माती ओलसर, पण कणांच्या मधे हवा खेळती. मुळं श्वास घेतात. मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरलेली राहिली की ती गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळं पाणी उचलू शकत नाहीत, म्हणून पाणी जास्त झालेलं झाडही कोमेजतं. ते तहानलेलं वाटतं आणि त्याला आणखी पाणी मिळतं. फरक ओळखायला माती बघा: पानं कोमेजलेली आणि माती कोरडी असेल तर तहान. पानं कोमेजलेली आणि माती ओली असेल तर मुळं गेली.

रोजचा नियम सोपा आहे. बोटाचं एक पेर मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत घाला. 12 इंची कुंडीला साधारण एक ते दीड लिटर लागतं. रोज कपभर पाणी शिंपडण्याने वरचा इंचभरच भिजतो, मुळं वर येतात आणि एका कडक दुपारी झाड मान टाकतं. एप्रिल-मेमध्ये हे पाणी रोज लागतं, मुंबईच्या पावसाळ्यात आडोशाच्या गॅलरीतही चार-पाच दिवसांनी, थंडीत दोन-तीन दिवसांनी. स्नेक प्लांटला पंधरा-वीस दिवसांतून एकदा पुरतं. पाणी सकाळी घालावं. भर दुपारी गरम पाइपातलं पहिलं पाणी कधीही झाडाला देऊ नये.

ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मुळांसाठी तर हवंच, शिवाय डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. जूनमध्ये ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

मोगरा

मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवर येतात. एवढं कळलं की बाकी सगळं त्यातूनच येतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करा, पानं मलूल दिसली तरी घाबरू नका. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक फांदी निम्म्याने छाटा, वाळक्या काड्या तळातून काढा, उरलेली पानं हाताने ओरबाडून घ्या. वरची दोन इंच माती खुरपीने काढून तिच्या जागी गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि चमचाभर हाडांचा चुरा घाला. मग पाणी सुरू करा. फेब्रुवारीत फूट येते आणि मार्चपासून कळ्या. फुलं ओसरली की ती काडी दोन पानजोड्यांपर्यंत खुडा, पुन्हा नवी फूट येते, आणि पावसाळ्यापर्यंत असे दोन-तीन बहर मिळतात.

नुसती हिरवीगार वाढ आणि कळी नाही, याची कारणं तीनच: ऊन कमी, छाटणी केलेली नाही, किंवा नत्र (नायट्रोजन) जास्त. युरिया किंवा ताज्या शेणाच्या पाण्याने मोगरा पानांनी भरतो आणि फुलायचं विसरतो. जात निवडताना बट मोगरा गजऱ्यासाठी, लांबट कळीचा मदनबाण वासासाठी, आणि जागा कमी असेल तर घोसाने फुलणारा हजारी.

कढीपत्ता

फूटभर रोप 12 इंची कुंडीत लावा. दीड फूट झालं की शेंडा कापा, नाहीतर ते काठीसारखं सरळ वाढतं. पानं एकेक ओरबाडू नयेत. डहाळी टोकाकडून कात्रीने कापावी, तिच्याखाली दोन फुटी येतात. पहिलं वर्षभर फोडणीसाठी बाजाराचाच कढीपत्ता वापरावा, झाडाला अंग धरू द्यावं. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळतात, ते थंडीमुळे. त्या काळात खत देऊ नका, पाणीही कमीच. फेब्रुवारीत ते पुन्हा फुटतं.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह कमी पडतंय. बोअरवेलच्या जड पाण्याने माती विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) होते आणि मातीत असलेलं लोहही झाडाला मिळत नाही. घरोघरी चालणारा उपाय म्हणजे लिटरभर पाण्यात वाटीभर आंबट ताक, पंधरा दिवसांतून एकदा. फरक पडला नाही तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) अर्धा ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून पानांवर फवारा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी असते, मोठी झाल्यावर हिरवी होते. लिंबावरही तीच येते. फवारणी नको, हाताने वेचली की झालं.

मिरची

बी जूनमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कागदी कपांत, अर्धा सेंटिमीटर खोल टाका. आठ-दहा दिवसांत उगवतं. 25-30 दिवसांनी चार-सहा पानांवर रोप कुंडीत लावा, एका कुंडीत एकच. घरासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती चांगली, तिला मिरच्या झुपक्याने लागतात. लावणीनंतर दीड महिन्याने फुलं येतात. फुलं गळत असतील तर कडक ऊन, पाण्याची ओढाताण किंवा नत्राचा मारा यांपैकी काहीतरी आहे. बंदिस्त गॅलरीत वारा नसतो, तिथे सकाळी फांद्यांना हलकी टिचकी मारावी म्हणजे पराग पडतो.

मिरचीचा खरा शत्रू चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आक्रसून वळणं. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, माइट ही बारीक कीड). फुलकिड्यांवर दर सात दिवसांनी, तीन वेळा कडुनिंबाचं तेल फवारा आणि निळा चिकट सापळा लावा. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर, तेही ऊन कमी असताना, आणि तेलाच्या फवारणीनंतर किमान पंधरा दिवस सोडून. संपूर्ण झाड खुरटून पानं बारीक आणि गुच्छासारखी झाली असतील तर पांढऱ्या माशीने विषाणू आणलेला आहे. त्यावर औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, नाहीतर शेजारची मिरची आणि टोमॅटोही जातील.

कोथिंबीर, मेथी, पालक

हिवाळ्यातलं सगळ्यात पटकन यश देणारं काम. धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन डाळी वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. आख्खे धणे उशिरा आणि विरळ उगवतात. कोथिंबीर 8-12 दिवसांत दिसते आणि 40 दिवसांच्या आसपास कापणीला येते. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि 25-30 दिवसांत तयार. पालक बुडापासून दोन इंच सोडून कापला तर तीन-चार वेळा मिळतो. सगळं बी एकाच दिवशी टाकू नका, दर बारा-पंधरा दिवसांनी एक ट्रे पेरा. मार्चनंतर कोथिंबीर लगेच फुलावर येते. उन्हाळ्यात तिच्यामागे न लागता त्याच ट्रेमध्ये लाल माठ पेरावा. पुदिन्यासाठी बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पेराखाली कापून पाण्यात ठेवा, आठवड्या-दीड आठवड्यात मुळं फुटतात.

खत आणि कीड

महिन्यातून एकदा 12 इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. फुलझाडं आणि फळभाज्यांना पंधरा दिवसांतून एकदा पेंडीचं पाणी: 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची, गाळायची, दहापट पाणी घालून द्यायची. वास येतो, म्हणून संध्याकाळी उशिरा देऊ नका, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघड्या असतात. आजारी किंवा नुकत्याच लावलेल्या झाडाला खत नको, नवी फूट दिसेपर्यंत थांबा. भाजीची देठं-सालं थेट कुंडीत पुरल्याने चिलटं येतात, ती वेगळ्या डब्यात कुजवूनच वापरा.

जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण आला की आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा आणि फार भरलेले शेंडे कापून टाका. नंतर एक लिटर कोमट पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि पातळ साबणाचे दहा-बारा थेंब घालून नीट ढवळा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, तरंगत राहतं आणि पानं जाळतं. सात दिवसांनी पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही. एका फवारणीने मोठे किडे मरतात, अंडी राहतात, म्हणून पंधरा दिवसांनी सगळं पुन्हा पहिल्यासारखं दिसतं. मुंग्यांची रांगही तोडा. पिठ्याचा गोड स्राव खायला त्या येतात आणि त्याचं रक्षण करतात.

गावाला जाताना

आठ दिवसांसाठी जायचं असेल तर आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या सावलीच्या भिंतीला एकमेकींना चिकटवून ठेवा, तळातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि मातीवर दोन इंच वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. उघडलेली फुलं आणि तयार मिरच्या काढून घ्या, झाडाची पाण्याची गरज तेवढी कमी होते. टोमॅटो, पुदिना यांसारख्या तहानलेल्यांसाठी शेजारी विटेवर पाण्याची बादली ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत तीन इंच पुरा. बादलीवर झाकण किंवा कापड बांधायला विसरू नका. ही दोरी निघायच्या चार दिवस आधी लावून बघा. दोरी जाड-बारीक असण्यावर पाणी किती उतरतं ते ठरतं, आणि ते घरी असतानाच बदलता येतं.